दारावरचा माणूस

माझे वडील मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारी आणि जहाजात चढणारी पोती, गासड्या, पिंपे आणि खोकी मोजायची, त्यांचा हिशेब वहीत लिहायचा आणि पाळी संपली की खाली सही करून वही पुढच्या माणसाच्या हवाली करायची, हे त्यांचे काम. वसईहून पहाटेच्या गाडीने ते निघत, तेव्हा हातात स्टीलचा डबा असे आणि खिशात गोदीचा पास व एक जांभळी पेन्सिल. त्या पेन्सिलीने लिहिलेले रबराने पुसता येत नसे. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला आपली आद्याक्षरे घालायची, असा त्यांचा शिरस्ता होता.

गोदीच्या यलो गेटवरचा पहारेकरी जाता-येता त्यांचा डबा उघडून पाहत असे. आम्हा मुलांना याचा राग येई. "इतकी वर्षं तुम्हाला ओळखतो, तरी डबा उघडायला लावतो?" असे आम्ही विचारले की वडील म्हणत, "डबा माझा एकट्याचा नाही उघडत, सगळ्यांचा उघडतो. त्याचं काम तो करतो, माझं मी करतो." त्या पहारेकऱ्याचे गाव कोणते, त्याला मुले किती, हे सारे वडिलांना ठाऊक होते. नाताळात आमच्या घरच्या करंज्यांचा एक पुडा त्याच्याकडेही जाई.

त्या पहारेकऱ्याची आठवण मला फार वर्षांनी, २०१९ च्या पावसाळ्यात झाली. त्याच वेळी झाली असती तर पुढचे पुष्कळसे टळले असते.

मी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम करते. मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरातल्या एका मोठ्या कंपनीत मी तेव्हा पाच जणांच्या गटाची प्रमुख होते. योगायोग असा, की माझ्याही कामात आता कंटेनर आले होते. खऱ्या कंटेनरची गोष्ट वाचकांना ठाऊक असेलच. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनकडे निघाले आणि जगभरच्या गोद्यांचे रूप बदलू लागले. आपल्याकडे २६ मे १९८९ रोजी न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या गोदीतली पोती-गासड्यांची वर्दळ हळूहळू ओसरली. आत काय आहे हे पेटी उचलणाऱ्या यारीला कळण्याची गरज उरली नाही. पेटीचे माप सगळीकडे सारखे, म्हणून ती जहाजावर बसते, आगगाडीवर बसते आणि ट्रकवरही बसते.

संगणकातली पेटी हीच कल्पना उसनी घेते. माझ्या यंत्रावर चालणारी आज्ञावली दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी रड. परदेशी गेलेल्या मुलीला आईने मसाल्याची कृती लिहून पाठवावी आणि तिकडे तो मसाला तसा होऊ नये, तसेच हे. मिरची वेगळी, पाटा वेगळा, ऊनही वेगळे. यावर उपाय म्हणून आज्ञावलीबरोबर तिला लागणारे सारे साहित्यच एका पेटीत भरून पाठवायचे ठरले. या पद्धतीचे मूळ जुने असले, तरी ती घरोघरी नेली ती 'डॉकर' या साधनाने. सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये ते प्रथम लोकांपुढे मांडले. त्याच्या बोधचिन्हात पाठीवर पेट्या वाहून नेणारा देवमासा आहे आणि इंग्रजीत 'डॉकर' म्हणजे गोदी कामगार. हे मी वडिलांना सांगितले तेव्हा ते पोटभर हसले. "म्हणजे इतकं शिकून शेवटी तूही गोदीतच लागलीस!" म्हणाले.

पेटी बांधायची म्हणजे तिची कृती एका कागदावर, म्हणजे एका छोट्या फाईलमध्ये, ओळीने लिहायची. पहिल्या ओळीत पायाची पेटी कोणती ते सांगायचे. मग अमुक साहित्य आणा, तमुक जागी ठेवा, ही आज्ञावली आत घाला, अशा ओळी येतात. यंत्र ती कृती वाचते आणि एकेका ओळीसरशी पेटीवर एकेक थर चढवत जाते. यातले बहुतेक साहित्य जगभरच्या सार्वजनिक भांडारांतून इंटरनेटवरून येते. वसईच्या घरी बसून मी ही कृती चालवली, तेव्हा चार मिनिटांत पेटी तयार झाली. तीच कृती कचेरीत चालवली, तर पहिल्याच ओळीवर यंत्र थबकले आणि काही वेळाने 'वेळ संपली' असे सांगून मोकळे झाले.

कारण होते कंपनीचा प्रॉक्सी. महाविद्यालयात गैरहजर मित्राच्या वतीने 'हजर' म्हणण्याला आपण प्रॉक्सी म्हणतो. तो अर्थ इथेही फारसा दूर नाही. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांच्या यंत्रांना बाहेरच्या जगाशी थेट बोलू देत नाहीत. मध्ये एक यंत्र बसवलेले असते. आपण आपले मागणे त्याला सांगायचे. ते आपल्या वतीने बाहेर जाते, मागितलेली वस्तू आणते, तपासते आणि मगच आपल्या हाती देते. कोणी काय मागितले याची नोंदही ठेवते. लोकांचे पैसे आणि लोकांची माहिती सांभाळणाऱ्या कंपनीला असा दारवान हवाच. पण महिनाअखेरची मुदत डोक्यावर असलेल्या माणसाला दारवान शत्रूच वाटतो. आमच्या गटात त्या प्रॉक्सीला कोणीही चांगल्या शब्दाने संबोधत नसे, आणि त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता.

पुढचे आठ दिवस मी त्या दाराशी झुंजले. पहिला धडा असा, की दारवानाचा पत्ता एकाच ठिकाणी सांगून भागत नाही. पायाची पेटी आणण्याचे काम यंत्रात पडद्याआड चालणारी एक सेवा करते. तिला पत्ता वेगळा सांगावा लागतो. पेटी बांधली जात असताना आत जे साहित्य मागवले जाते, त्यासाठी तो पुन्हा सांगावा लागतो. पेटी तयार होऊन चालू लागली, की तेव्हाचा हिशेब आणखी निराळा. शिवाय कंपनीच्या आतल्याच यंत्रांकडे जाताना दारवानाला विचारू नये, अशी अपवादांची यादीही द्यावी लागते. त्यातही पत्ता ज्या नावाने नोंदवायचा, ते नाव काही साधने मोठ्या लिपीतले वाचतात, काही लहान लिपीतले. साध्या, कुलूप नसलेल्या मागण्यांसाठी 'कर्ल' नावाचे साधन केवळ लहान लिपीतले नाव मानते. तो लहरीपणा नव्हे. मोठ्या लिपीतले नाव काही विशिष्ट रचनांमध्ये बाहेरचा माणूस गुपचूप बदलू शकतो. 'एचटीटीपॉक्सी' या नावाने तो दोष २०१६ साली बराच गाजला होता.

दुसरा धडा हास्यास्पद होता. माझ्या यंत्रावर प्रॉक्सीशी बोलणारा एक छोटा मदतनीस बसवलेला होता आणि त्याचा पत्ता होता 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हेच यंत्र'. पेटीला मी तोच पत्ता दिला. पण पेटीच्या आत 'हेच यंत्र' म्हणजे ती पेटीच! बिचारी आपल्याच चार भिंतींत मदतनीस शोधत राहिली. तिसऱ्या धड्यात एक पूर्ण दिवस गेला. दारवान ४०७ हा आकडा परत पाठवत होता. त्याचा अर्थ, 'आधी तुझी ओळख पटव'. ओळख म्हणजे नाव आणि परवलीचा शब्द, आणि ती दोन्ही मी पत्त्यातच लिहिली होती. पण आमच्या परवलीच्या शब्दात ई-मेलमध्ये असते ते 'ॲट'चे चिन्ह होते. पत्त्यात तेच चिन्ह 'इथे परवलीचा शब्द संपला' असे सांगते. त्यामुळे दारवानापर्यंत अर्धाच शब्द पोहोचत होता. त्या चिन्हाऐवजी टक्क्याची खूण आणि पुढे चाळीस हा आकडा लिहायचा असतो, हे कळल्यावर मी कपाळाला हात लावला.

चौथी अडचण मात्र खरी होती, आणि तिथेच मी चुकले.

गोदीत कंटेनर आला की टॅली क्लार्क आधी त्याचे सील पाहतो. पेटीचा क्रमांक आणि सीलचा क्रमांक कागदाशी जुळला पाहिजे, सील अखंड असले पाहिजे. जकात खात्याने तपासणीसाठी पेटी उघडली, तर ते जुने सील तोडतात आणि पुन्हा बंद करताना आपले सील लावतात. माल घेणाऱ्याला जकातीचे सील ओळखीचे असते, म्हणून तो तक्रार करत नाही. इंटरनेटवरून येणाऱ्या मालावरही असेच सील असते. त्याला प्रमाणपत्र म्हणतात. आमचा प्रॉक्सी बाहेरचे सील तोडून माल तपासत असे आणि मग कंपनीचे स्वतःचे सील लावून तो आत पाठवत असे. आमच्या नेहमीच्या यंत्रांना ते सील ओळखायला शिकवलेले होते. पण माझी नवी पेटी बाहेरच्या जगातून आलेली. तिच्याजवळ विश्वासार्ह सीलांची स्वतःची यादी होती आणि तिच्यात आमच्या कंपनीचे सील नव्हते. "हे सील मी ओळखत नाही," असे म्हणून ती माल नाकारू लागली. खरे तर ती आपले कर्तव्य चोख बजावत होती.

यावर सरळ उपाय होता. प्रॉक्सी सांभाळणाऱ्या विभागाकडून कंपनीच्या मूळ प्रमाणपत्राची प्रत मागायची, ती पेटीच्या यादीत घालायची आणि यादी अद्ययावत करण्याची आज्ञा द्यायची. पण त्यासाठी दुसऱ्या मजल्यावर जाऊन विचारावे लागले असते. त्या विभागातल्या कोणाचेही तोंड मी चार वर्षांत पाहिले नव्हते. आणि ज्यांची मी दररोज टवाळी करत होते, त्यांच्याकडे हात पसरायचा मला कमीपणा वाटला.

जुलैमधला शनिवार होता. पाऊस कोसळत होता आणि मजल्यावर मी एकटीच होते. रात्री नऊच्या सुमाराला मी कृतीच्या कागदात दोन ओळी लिहिल्या. एका ओळीत आमच्या गटासाठी दिलेले सामाईक खाते, त्याच्या परवलीच्या शब्दासकट, उघड लिहिले. दुसऱ्या ओळीत पेटीला सांगितले, की सील तपासूच नकोस, कोणीही काहीही आणून दिले तर घे. पेटी बांधली गेली. शेवटी मी आणखी एक ओळ घालून तो परवलीचा शब्द पुसून टाकला आणि निर्धास्त मनाने विरार गाडीत बसले. सोमवारी आमच्या गटातल्या सोलापूरच्या मुलाने ती पेटी कंपनीच्या भांडारात रीतसर ठेवली. तो कंत्राटी नोकरीवर होता. ठेवणारा म्हणून भांडाराच्या नोंदीत नाव त्याचे लागले. त्या दिवसापासून इतर गटही माझ्या पेटीच्या पायावर आपापल्या पेट्या बांधू लागले.

मी जे पुसले असे मला वाटत होते, ते पुसले गेले नव्हते. पेटी थरांची बनते. वरच्या थरात एखादी वस्तू काढून टाकली, तर ती केवळ दिसेनाशी होते, खालच्या थरात ती तशीच पडून असते. आणि कृतीतली प्रत्येक ओळ पेटीच्या इतिहासात लिहिली जाते. तो इतिहास वाचायला एका आज्ञेपेक्षा अधिक काही लागत नाही. हे मला ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. वाचले होते, पण त्या रात्री आठवून घ्यायचे नव्हते.

सप्टेंबरमध्ये ती पेटी चाचणीसाठी बाहेरच्या एका संस्थेकडे गेली आणि तिथल्या तपासनिसाने इतिहास वाचला. गुरुवारी सकाळी आम्हा सर्वांना एका खोलीत बोलावण्यात आले. माहिती सुरक्षेच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. कंपनीच्या प्रॉक्सीचा परवलीचा शब्द कंपनीबाहेर गेलेल्या पेटीत वाचता येत आहे. आणि सील न तपासण्याची आज्ञा पेटीत तशीच राहिल्यामुळे तिच्यात चालणारी आमची आज्ञावलीदेखील दोन महिने कोणावरही डोळे झाकून विश्वास टाकत आली आहे. मग त्यांनी विचारले, "ही पेटी भांडारात कोणी ठेवली?"

सोलापूरचा मुलगा उभा राहिला. "मी, सर," म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, गोंधळ होता. आत काय आहे हे त्याला कुठे माहीत होते? त्याचे कंत्राट त्याच महिनाअखेरीला संपणार होते. माझ्या वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या कोऱ्या कागदाकडे पाहिले आणि म्हणाले, "आम्ही तपासून सांगतो."

'आम्ही' म्हणाले. 'मी' म्हणायला हवे होते. त्या एका अक्षराच्या आड मी दिवसभर लपून राहिले. दुपारी तो मुलगा माझ्या मेजापाशी येऊन विचारून गेला, "मॅडम, माझं काय चुकलं, ते सांगाल का? म्हणजे पुन्हा होणार नाही." मी त्याला उद्या बोलू म्हटले.

त्या रात्री घरी पोहोचले तेव्हा वडील ओटीवर बसले होते. त्यांनी ऐंशी ओलांडली होती, पण मी परतल्याशिवाय ते जेवत नसत. जेवण झाल्यावर मी त्यांना सारे सांगितले. पेट्यांची, सीलांची भाषा त्यांना समजावून द्यावी लागली नाही. मी वाट पाहत होते की ते मला धीर देतील, किंवा रागावतील तरी. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला अशी एक गोष्ट सांगितली, जी मी त्यापूर्वी कधीही ऐकली नव्हती.

त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जहाजाच्या मालात सहा पोती कमी भरली. संशय एका बदली कामगारावर आला, कारण त्या पाळीला तो त्या गोदामाजवळ दिसला होता. दोन दिवसांनी वही चाळताना वडिलांच्या लक्षात आले, की एका खेपेची सहा पोती त्यांनी स्वतःच दोनदा मांडली होती. पोती गेलीच नव्हती, मुळात ती आलीच नव्हती. "मग तुम्ही जाऊन सांगितलंत ना?" मी विचारले.

"नाही," ते म्हणाले. "नोकरी नवी होती. तुझ्या आजीचं आजारपण चालू होतं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. त्या माणसाला पुन्हा कामावर बोलावलं नाही. त्याचं नाव मला माहीत आहे. घर कुठे होतं तेही माहीत होतं. पुढे फाटकावर कुणी माझा डबा उघडला ना, तर मला कधी राग आला नाही. वाटायचं, बघू दे. बघायलाच पाहिजे."

ओटीवर दिवा मंद होता. पावसाची सर येऊन गेली होती आणि केळीच्या पानांवरून पाणी टपटपत होते. ज्या माणसाच्या सचोटीचे दाखले मी आयुष्यभर इतरांना देत आले, तो माझे वडील असूनही त्या क्षणी मला प्रथमच दिसत होता. "टॅली कुणाच्या हातून चुकली, ते वहीला ठाऊक असतं," एवढेच म्हणून ते उठले आणि आत गेले.

शुक्रवारी सकाळी मी वरिष्ठांच्या दारात उभी राहिले आणि पहिल्या वाक्यात 'मी' म्हटले. दोन्ही ओळी माझ्या आहेत, त्या मुलाने केवळ पेटी ठेवण्याचे सांगितलेले काम केले, आणि काल मी हे ठाऊक असूनही बोलले नाही. शेवटचे वाक्य म्हणणे सर्वांत जड गेले. चूक अज्ञानातून झाली असे भासवता आले असते. गुरुवारचे मौन मात्र पूर्ण शुद्धीवर असताना पाळलेले होते. त्यांनी मला ते लेखी द्यायला सांगितले आणि मी दिले. परवलीचा शब्द त्याच सकाळी बदलला गेला. नोंदी तपासल्या गेल्या आणि त्या शब्दाचा कोणी गैरवापर केल्याचे आढळले नाही. माझ्या फाईलमध्ये एक ताकीदपत्र लागले, त्या वर्षीची माझी बढती गेली. त्या मुलाचे कंत्राट वाढवले गेले. मी गटासमोर त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, "मॅडम, मी रात्रभर माझ्याच सगळ्या आज्ञा पुन्हा पुन्हा तपासत बसलो होतो." ती रात्र त्याला मी दिली होती. तिची भरपाई माझ्याजवळ नाही.

त्याच दुपारी मी दुसऱ्या मजल्यावर गेले. प्रॉक्सी सांभाळणारे गृहस्थ पन्नाशीचे, मितभाषी, मेजावर तुळशीची छोटी कुंडी ठेवलेले. मी आले आहे कशासाठी, हे ऐकून ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ताई, प्रमाणपत्राची प्रत मागायला इतक्या वर्षांत फार थोडे लोक आले. बाकी सगळे प्रॉक्सी बंद करा म्हणूनच सांगतात." दहा मिनिटांत त्यांनी मला ती प्रत दिली. पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही दोघांनी बसून ते काम पुन्हा, नीट केले. कंपनीचे प्रमाणपत्र पेटीच्या यादीत सुरुवातीलाच घातले. काही साधने सीलांची स्वतंत्र यादी बाळगतात, जावाची वेगळी, पायथॉनच्या काही भागांची वेगळी. त्यांनाही ते एकेक करून ओळखायला शिकवले आणि तपासणी बंद करणारी ओळ कायमची काढली. प्रॉक्सीचा पत्ता कृतीत न लिहिता बांधणीच्या वेळी बाहेरून सांगण्याची सोय डॉकरमध्ये आहेच. तशा रीतीने सांगितलेला पत्ता पेटीच्या इतिहासात उतरत नाही. परवलीच्या शब्दाची तर गरजच उरली नाही. बांधणीचे यंत्र एकच ठेवून, ठरावीक भांडारांपुरती त्याला दारातून वाट देण्याचे त्यांनी मान्य केले. जिथे एखादे गुपित लागतेच, तिथे ते बांधणीपुरते दाखवून थरात राहू न देण्याची पद्धतही आम्ही अवलंबली. पुढे त्यांनी नेहमीच्या साहित्याचे एक आतले भांडार उभारून दिले. तेव्हापासून आमच्या बहुतेक मागण्यांना दाराबाहेर जाण्याचीच गरज पडेनाशी झाली. जी पेटी बांधायला मी आठ दिवस झुंजले होते, ती कचेरीतही पाच मिनिटांत तयार होऊ लागली. हे सारे जुलैतही होऊ शकले असते. मध्ये होता तो फक्त एक जिना.

वडील आता नाहीत. त्यांच्या कपाटात जांभळ्या पेन्सिलीचा एक तुकडा सापडला. तो मी माझ्या मेजाच्या खणात ठेवला आहे. गटात नवा मुलगा किंवा मुलगी आली, की पहिल्याच दिवशी मी त्यांना पेटीचा इतिहास वाचण्याची ती एका ओळीची आज्ञा शिकवते. माझी ती जुनी पेटी मी शिकवण्यासाठी जपून ठेवली आहे. तिच्यातला शब्द केव्हाच बाद झाला. मी ती त्यांच्यासमोर उघडते, रात्री नऊच्या सुमाराची ती ओळ दाखवते आणि ती कोणी लिहिली ते सांगते. मग त्यांना घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाते आणि दारावरच्या माणसाशी त्यांची ओळख करून देते.